मूळ मंडळाचा वाटा

कबड्डीची साखळी चालवणारा माणूस वर्षभर पैशाचा हिशेब करतो. मॅटचं भाडं, जनरेटरचं डिझेल, पंचांचं मानधन, खेळाडूंचा विमा, संघांची जेवणं, मैदानाबाहेर उभी रुग्णवाहिका. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या मंडळांना एका साखळीत बांधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मीही जाड पुठ्ठ्याची हिशेबवही घेऊनच गुरुजींकडे गेलो होतो. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आधी दुसरी वही घालायला लावली. तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन रकाने होते: पहिलं मैदान कोणतं, पहिली पकड कोणी शिकवली, आणि घरून खेळायला कोणी सोडलं.

"पोरगं तुह्या साखळीत आलं राजा, पन त्याले उभं कोनं केलं, थे आंधी लिहून ठेव," ते म्हणाले.

गुरुजी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांना आवडलं नसतं. शाळेत व्यायामशिक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली, आणि शाळा सुटल्यावर आसपासच्या गावांत मंडळं उभी केली. त्यांचं स्वतःचं शिक्षण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेलं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ही संस्था सुरू केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. ज्या हुतुतूला इकडे शहाणेसुरते लोक पोरखेळ समजत, तो आपल्या वऱ्हाडच्या मुलांनी परदेशी व्यायामतज्ज्ञांसमोर मांडला. १९६७ मध्ये मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय निघालं. ही संस्था ज्यांनी आयुष्यभर वाढवली त्या प्रभाकरराव वैद्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अमरावतीत घराघरांत आनंद झाला होता.

हा इतिहास आमच्याकडे भाषणांत पुष्कळदा येतो. भाषणांत येत नाही ती गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मंडळानं पहिलवान आणि खेळाडू तर घडवलेच, पण त्याहून मोठ्या संख्येनं शिक्षक घडवले. ते शिक्षक शिट्टी आणि लेझीम घेऊन खेड्यापाड्यांत गेले. अकोट, दर्यापूर, अचलपूर, बाळापूर, कुठेही जा, जुन्या मंडळाच्या मुळाशी अमरावतीला शिकून आलेला एखादा मास्तर सापडतो. साखळीसाठी मी मंडळांच्या दारात गेलो, तेव्हा माझी कोणाशी ओळख नव्हती. दार उघडलं ते गुरुजींच्या ओळखीनं. त्यांची ओळख होती ती त्यांच्या गुरूंच्या पुण्याईनं. म्हणजे मी ज्या साखळीचा चिटणीस झालो, ती माझ्या आधी साठ-सत्तर वर्षं बांधली जात होती.

वऱ्हाडात कबड्डीचं मैदान करणं सोपं नाही. आमची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती घोट्यापर्यंत ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर पकड केली तर पोराचा गुडघा जायचाच. गुरुजी मैदानाची काळी माती हातभर खोल उकरून काढायला लावत. खाली मुरूम, वर चाळणीनं चाळलेली पिवळी माती, तिच्यात कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा. मग पाणी, मग रोलर, पुन्हा पाणी. जुन्या नियमपुस्तकातही माती, खत आणि भुशाचं मऊ मैदानच सांगितलेलं आहे, पण मी ते आधी गुरुजींच्या हातात पाहिलं आणि पुस्तकात नंतर वाचलं. पुरुषांचं मैदान तेरा बाय दहा मीटरचं, महिलांचं बारा बाय आठचं. ते दोरी लावून आखायचे, आणि निदानरेषा चार बोटंही चुकलेली त्यांना चालत नसे. "या रेषेवर पोराची नोकरी हाय," म्हणायचे.

ते खरंच होतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळतं मान्य स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर. म्हणून साखळीचा पहिला नियम गुरुजींनी घालून दिला: कबड्डी संघटनेच्या परवानगीशिवाय एकही सामना नाही. कबड्डी आणि खो-खो या दोन्ही खेळांत राष्ट्रीय पातळीवर विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. आपल्या पोरांना त्या संघाचं दार उघडं राहिलं पाहिजे, ही त्यांची काळजी. पुढे २०१९ मध्ये कबड्डी महासंघाच्या बाहेर राहून एक व्यावसायिक लीग निघाली आणि एका हंगामानंतर थांबली. ती बातमी वाचताना मला गुरुजींचा तो नियम आठवला, आणि आमच्या पोरांच्या कागदांवर कोणाला बोट ठेवायला जागा नाही म्हणून मन हलकं झालं.

सामन्यांचं वेळापत्रक लावायलाही मी त्यांच्याकडूनच शिकलो. कापूस वेचणीचा भर ओसरल्याशिवाय सुरुवात करायची नाही, कारण निम्मे खेळाडू वेचणीला जातात आणि उरलेल्या निम्म्यांच्या आया जातात. बहिरमची यात्रा भरली की चांदूर बाजार आणि अचलपूरकडचा सामना लावायचा नाही. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या दिवशी अमरावतीत काहीच नाही. तूर घरात यायच्या आत उपांत्य फेरी नाही, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की मैदानाभोवती माणूस नसतो. आणि मार्चच्या शेवटी सगळं आवरायचं, अकोल्याचं ऊन कोणाची गय करत नाही. पुण्या-मुंबईची व्यवस्थापन शिकलेली माणसं आम्हाला पुढे भेटली, त्यांच्याकडूनही बरंच घेतलं. पण गावाचा हंगाम पाहून खेळाचा हंगाम लावायचं हे शहाणपण त्यांच्या कोणत्याही तक्त्यात नव्हतं.

अमरावती-अकोला रस्त्याचे तेव्हा हाल पाहवत नसत. संघाची गाडी बोरगाव मंजूला अडकली की इकडे प्रेक्षक उठून जायचे. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गुरुजी तो रस्ता पाहायला नव्हते.

मुलींच्या संघांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथलं ऋण वेगळ्या माणसाचं आहे. अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतल्या शाळांमध्ये उत्तम खेळणाऱ्या मुली होत्या. शाळेच्या मैदानावर त्या खेळत, जिल्ह्याला येत, आणि दहावी झाली की नाहीशा होत. साखळीचे सामने रात्री दिव्यांखाली, शेवटची एसटी त्याआधीच सुटलेली. आईबाप म्हणत, पोर रात्री राहील कुठे? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॉजवर मुली ठेवायला कोणी तयार होणार नाही, हे मलाही कळत होतं.

ते उत्तर अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका काकूंनी दिलं. त्यांचे यजमान एका डाळ मिलमध्ये हिशेबनीस होते. घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. "पोरी माह्या घरी रायतीन," त्या म्हणाल्या. "त्यायच्या मायबापाले सांगजो, घरात मी हावो." आणि तसंच झालं. सामना संपला की सगळा संघ काकूंकडे. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. सकाळी पहिल्या एसटीत त्या स्वतः मुलींना बसवून द्यायच्या, वाहकाला गाव सांगायच्या, आणि मुलगी घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय जेवायच्या नाहीत. पुढे त्यांचा मोबाईल क्रमांक अकोट तालुक्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर कोळशानं लिहिलेला मी पाहिला.

काकूंना कबड्डीतलं काही कळत नव्हतं. बोनस कशाचा, लोण कधी, हे त्या शेवटपर्यंत विचारत राहिल्या. पण आमच्या साखळीत मुलींचा गट टिकला तो त्यांच्या गच्चीवर टिकला. त्या गटातल्या मुली आज पोलिसांत आहेत, शाळांवर शिक्षिका आहेत, एक जण वनखात्यात आहे. त्यातल्या कोणाचंही लग्न असलं की पहिली पत्रिका जुन्या शहरात येते. मी काकूंना मानधन देऊ केलं तेव्हा त्या दुखावल्या. म्हणून आम्ही नियम केला की मुलींच्या संघाचा मुक्काम, जेवण आणि परतीचा प्रवास हा साखळीचा खर्च, मंडळाचा नाही, आणि प्रत्येक संघासोबत एक बाई व्यवस्थापक असलीच पाहिजे. काकूंनी प्रेमानं केलं ते साखळीनं कर्तव्य म्हणून लिहून घेतलं. याहून चांगली परतफेड मला सुचली नाही.

पैशाच्या बाबतीतही गुरुजींचा एक क्रम होता. गल्ला आला की आधी पंच, मग खेळाडू, मग मंडप आणि दिवेवाला, आणि चिटणीसाचा प्रवासखर्च सर्वांत शेवटी. पंचाचे पैसे थकले की पंचाची नजर वाकते आणि मग स्पर्धेत जीव राहत नाही, असं ते सांगत. एका वर्षी पाऊस गेला, प्रायोजक मागे हटले, आणि हा क्रम पाळायला गल्ल्यात काही उरलं नव्हतं. तेव्हा अकोल्याच्या एका डाळ मिलवाल्या शेठजींनी पंचांचं आणि खेळाडूंचं सगळं देणं उचललं. फलकावर नाव लावू का विचारलं तर म्हणाले, माझा भाऊ तुमच्या गुरुजींच्या हाताखाली खेळलेला आहे. एवढंच त्यांचं कारण.

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आमच्याकडची हवाच पालटली. आठ संघ, त्यात महाराष्ट्राचे दोन, पुण्याचा आणि मुंबईचा. गावोगावी पोरं टीव्हीसमोर बसू लागली. ज्या खेळाला हाफपँटीतला खेळ म्हणून हिणवत, त्यात माणूस कोट्यधीश होऊ शकतो हे आईबापांनी पाहिलं. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं, तो आकडा आमच्या मैदानांवर पोरांना तोंडपाठ आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. खेळाडूच्या घामाला दाम मिळालाच पाहिजे.

पण लीग सुरू झाली तेव्हाच गुरुजींची ती तीन रकान्यांची वही मला रात्र रात्र जागवू लागली. आमची चांगली पोरं पुण्याला, मुंबईला, कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांकडे जाऊ लागली. जावीत. ना-हरकत दाखला मागायला पोरगा आला की कोणत्याही मंडळानं अडवू नये, हे मी सतत सांगत आलो. पण पोरगा गेल्यावर मंडळाकडे काय उरतं? फाटलेल्या मॅटचे तुकडे, आणि त्याच्या जागी उभं करायला नवं पोर. त्याला घडवायला जी पाच-सात वर्षं गेली, ती कोणाच्या खात्यावर?

फुटबॉलवाल्यांनी या प्रश्नाचं उत्तर शोधलेलं आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २००१ च्या नियमांपासून, खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्यात विकला गेला की रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस या वयात जिथे जिथे घडला त्या क्लबांना वाटून मिळतात. खेड्यातला क्लब असला तरी. हे मी वाचलं तेव्हा गुरुजी अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "बारा वर्साच्या आंधी ज्यानं शिकवलं त्याचं काय?"

आमची साखळी छोटी. मोठ्या लीगकडून वाटा मागायची आमची ताकद नाही. पण आपल्या घरात तर आपण नियम करू शकतो. म्हणून मंडळांच्या सभेत मी ठराव मांडला की साखळीत खेळाडूला जे मानधन मिळेल, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम साखळीनं स्वतःच्या गल्ल्यातून त्याच्या मूळ मंडळाला द्यावी. खेळाडूच्या मानधनाला हात लागणार नाही. मूळ मंडळ कोणतं, ते वहीतल्या पहिल्या दोन रकान्यांवरून ठरणार. सभेत वाद झाला. ज्यांच्याकडे शहरातली मैदानं आणि बाहेरून आणलेले खेळाडू होते, त्यांना यात तोटा दिसत होता. एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी विचारलं की हा दानधर्म साखळीला परवडेल का. मी उत्तर दिलं ते आजही मला तसंच वाटतं: हे दान नाही, हे देणं आहे, आणि आजवर ते थकलेलं आहे. बाळापूरकडच्या एका मंडळाच्या वृद्ध अध्यक्षांनी हात वर केला, मग दर्यापूरकरांनी, मग हळूहळू बहुतेकांनी. ठराव झाला त्याच्या पुढच्या महिन्यात गुरुजी गेले.

वाट्याचा पहिला धनादेश गुरुजींच्याच गावच्या मंडळाला गेला. मंडळाच्या तीन पोरांनी त्या हंगामात साखळी गाजवली होती. रक्कम फार मोठी नव्हती. मला वाटलं होतं, ते नवी मॅट घेण्यासाठी बाजूला ठेवतील. त्यांनी मैदानाशेजारी मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि संडास बांधायला घेतला. पायाभरणीला काकूंना बोलावलं, आणि त्या अकोल्याहून एसटीनं गेल्या. भिंती झाल्या, दार लागलं, छताला पैसे पुरले नाहीत. गेल्या महिन्यात मंडळाचं पत्र आलं आहे: यंदाचा वाटा दिवाळीआधी मिळाला तर हंगाम सुरू व्हायच्या आत टिनपत्रे चढवता येतील, आणि गावातल्या अकरा मुलींनी या वर्षी नाव घातलं आहे, त्यांचे तीन रकाने भरून सोबत पाठवत आहोत.