काळ्याचा जमाखर्च

मुंबईच्या टॅक्सीचं टप पिवळं आणि खालचं अंग काळं का, याचं एक कारण टॅक्सीवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पिवळा लांबून दिसतो म्हणून वर, आणि काळ्यावर डाग दिसत नाहीत म्हणून खाली. ही रंगसंगती स्वातंत्र्यसैनिक वि. बा. गांधी यांनी नेहरूंना सुचवली असंही म्हणतात. काळी गाडी बाळगणाऱ्या कोणालाही त्या कारणातला दुसरा भाग ऐकवा, तो हसेल. काळ्यावर डाग दिसत नाहीत? काळ्यावर कालच्या पावसाचा थेंबही दिसतो.

पण टॅक्सीच्या बाबतीत ते खरंच होतं. आमच्या अण्णांची टॅक्सी होती, प्रीमियर पद्मिनी. 1964 मध्ये ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायला लागली, 1974 मध्ये तिची पद्मिनी झाली, तरी परळच्या आमच्या चाळीत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत. अण्णा सकाळी निघायच्या आधी तिच्यावर एक बादली पाणी मारत आणि फडक्याने पुसून काढत. चकाकी वगैरे भानगड नव्हती. तो काळा वर्षातले दहा महिने पाटीसारखा निस्तेजच असायचा आणि निस्तेज होता म्हणूनच सगळं पोटात घालायचा. बसच्या चाकाचा चिखल, गिऱ्हाइकाच्या ट्रंकेचा ओरखडा, पानाची पिंक, काही म्हणजे काही दिसायचं नाही.

चकाकी यायची ती आरटीओच्या पासिंगच्या आधी. तेव्हा दोन वाटा असत. पैसे हाताशी असतील तर पेंटर मिस्त्री खड्ड्यांत लांबी भरायचा, वॉटर पेपर मारायचा, प्रायमर आणि वरून इनॅमलचा हात द्यायचा. नसतील तर रबिंगचा डबा. ते काम अण्णा स्वतः करत आणि मला सोबत घेत. बाजरीच्या पिठासारखी खरखरीत ती लगदी फडक्याला लावायची आणि दारावर घासायची. थोड्या वेळाने राखी रंगाखालून काळा वर यायचा आणि फडकं काळंमिट्ट व्हायचं. "बाय, दाबू नको. रंग फडक्यात नाही, गाडीवर राहायला हवा," असं अण्णा म्हणायचे.

त्या फडक्यात काय येत होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. काळ्या रंगातलं काळं द्रव्य म्हणजे शेवटी काजळीच, तेल अर्धवट जाळून मिळवलेला कार्बन. उन्हाने तो सहसा विटत नाही. विटतं ते त्याला धरून ठेवणारं राळेसारखं माध्यम. ऊन, पाऊस आणि मुंबईची खारी हवा त्याची भुकटी करतात आणि गाडी राखी दिसू लागते. रबिंगने ती मेलेली भुकटी निघते आणि खालचा जिवंत थर उघडा पडतो. म्हणजे अण्णांच्या त्या जुन्या रंगाला प्रत्येक पासिंगला स्वतःचा एक पापुद्रा द्यावा लागायचा. तरी काळाच स्वस्त पडायचा, कारण कुठेही टचिंग केलं तरी छटा जुळायची. फोर्डनेही 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली ती काही शान म्हणून नव्हे. तो काळा स्वस्त होता आणि टिकायचा. काळा म्हणजे रुबाब हे फार नंतरचं खूळ.

ते खूळ मलाही आहे. ठाण्यात घर झाल्यावर मी जुन्या बाजारातून एक काळी सेडान घेतली. विकणाऱ्याने ती आरशासारखी लखलखीत करून उभी केली होती. मी संध्याकाळी गेले आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. उजेडाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळंच वर्तुळं उमटली. ते चरे प्रत्यक्षात गोल नसतात, वाटेल त्या दिशेला असतात. पण उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसतं. दिवा हलवा, वर्तुळही हलतं. वरून तेलकट ग्लेझ चोपडलं की ते चरे भरून निघतात, जसा ओला काळा दगड जास्त काळा दिसतो. दोन धुण्यांत ग्लेझ जातं आणि खरा चेहरा समोर येतो. ही सगळी विद्या टॉर्चसकट विकणाऱ्याला ऐकवून मी किंमत खाली आणली. अण्णा सोबत होते. गाडीकडे न बघता ते चहावाल्याकडे बघत उभे होते, म्हणजे भाव मान्य होता.

घरी आणल्यावर मी पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन एका दाराच्या खालच्या कोपऱ्यात घासून बघितलं. फडकं पांढरंच राहिलं. अण्णांना ते पटेना. त्यांच्या हिशेबात फडकं काळं झालं नाही तर काम झालंच नाही. पण आताच्या गाड्यांत काळ्याच्या वर क्लिअर कोट असतो, बिनरंगी. चरे पडतात ते त्या काचेसारख्या थरात, खालच्या काळ्याला ते शिवतही नाहीत. थर गुळगुळीत असला की उजेड एकाच दिशेला परततो आणि काळा गडद दिसतो. ओरबाडलेला असला की उजेड चौफेर विखुरतो आणि काळ्यात पांढरट धुकं मिसळतं. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच चरे असतात, पण पांढऱ्यात पांढरं कोणाला दिसणार? शेजारच्यांची पांढरी हॅचबॅक माझ्या गाडीइतकीच ओरबाडलेली आहे आणि त्यांना वाटतं, आपण गाडी फार जपतो.

आता हिशेबाचं बोलू. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाच्या दीडएक केसाची जाडी. त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नास. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. कारखान्याने एकदा दिलेलं हे मुद्दल, त्यात नंतर भर पडत नाही. पॉलिश, कंपाउंड, रबिंग, नाव काहीही द्या, ते चरा भरत नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणतं. दर वेळी काही मायक्रॉन खर्ची पडतात. दर दिवाळीला मशिन पॉलिश मारून घेणारे हौशी लोक मला माहीत आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या टपावरचा क्लिअर कोट पापुद्रे सुटून निघाला आणि आता नव्याने रंगवण्यावाचून इलाज उरलेला नाही. मेणाचं तसं नाही. ते वर बसतं, झिजतं ते स्वतः झिजतं. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि लोक एकाच्या जागी दुसरा उचलतात.

एका दुकानदाराने मला पंचवीस हजारांचं सिरॅमिक कोटिंग सुचवलं. चांगली वस्तू आहे, पाणी टिकू देत नाही, धुणं सोपं करते. पण ते मायक्रॉनभराचं कवच रस्त्यावरून उडालेल्या खड्याला थोपवत नाही आणि जुन्या गाडीच्या ओरबाडलेल्या अंगावर लावलं तर ओरखडेच काचेआड जपून ठेवतं. एवढ्या पैशांत माझे टायर येत होते. मी टायर घेतले.

रंगासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किरकोळ सामान आणलं: शाम्पू, मायक्रोफायबर, क्ले बार, सर्वांत सौम्य पॉलिश आणि कार्नुबा मेणाची डबी. कार्नुबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ते अंगावर धरतं. ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ते वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यात हात ठेवू न देणाऱ्या काळ्या बॉनेटवरही तगतं. पॉलिश मी फक्त बॉनेट आणि चालकाच्या बाजूच्या दारांवर, तेही हातानेच मारलं. ऐंशी टक्के वर्तुळं गेली. उरलेली खोल होती, ती तशीच ठेवली. खडे उडून पडलेले टवके टच-अपच्या बाटलीतून टूथपिकच्या टोकाने एकेक थेंब सोडून बुजवले. बाटलीसोबत येणारा कुंचला त्या कामाला फारच जाड असतो.

सगळ्यात उपयोगी वस्तू फुकट मिळाली. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, काळ्यावर सुकलं की पांढरे गोल डाग सोडतं. आईने एसीच्या नळीखाली बादली लावायला सांगितली. तिला कुंड्यांसाठी पाणी हवं होतं. पण ते पाणी हवेतून गोळा झालेलं, क्षार जवळजवळ नसलेलं. शेवटचा हात त्याचा फिरवला की डाग राहत नाहीत. आता कुंड्या आणि गाडी यांच्यात त्या बादलीवरून तंटा असतो.

कबुतरांशी मात्र तह होत नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो, संध्याकाळी आकसतो आणि वर वाळलेल्या विष्ठेचा आकार धरून बसतो. त्यामुळे ती दिसली की ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं आणि उचलून घ्यायचं, घासायचं नाही. दसऱ्याचंही पथ्य आहे. झेंडूची माळ तारेत ओवलेली नको, दोऱ्यात हवी. हळदीकुंकू बॉनेटवर लावायचं, पण पूजा झाली की पाण्याने सोडवायचं. पहिल्या वर्षी आई यावर रुसली. हल्ली तीच काचेवर स्वस्तिक काढते आणि बॉनेटला नुसत्या अक्षता वाहते.

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. अण्णांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि तोच कागद काच पुसायला घेतला.

माझ्या गाडीला खरा धोका होता तो सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांचा. एक बादली, एक फडकं, पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीची वाळू पंचविसाव्या गाडीपर्यंत पोचते, आणि कोरड्या धुळीवर फिरवलेलं फडकं म्हणजे तीच सगळी वर्तुळं पुन्हा. त्यांना काढून टाकणं मनाला पटेना. शेवटी असं ठरलं की माझ्या गाडीवर त्यांनी फक्त पाणी मारायचं, हात लावायचा नाही. "मग पैसे कमी देणार का ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, हात न लावण्याचेच पैसे आहेत. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "घ्या हो, आमच्या वेळी असं गिऱ्हाईक मिळालं नाही."