वळवाच्या गारा

वैशाखाच्या दाहाने कोल्हापूरची अवघी शिवाजी पेठ होरपळून निघाली असता, ज्या नगरीने हिमवर्षाव केवळ चित्रांतच पाहिला, तिच्यावर आज सायंकाळी वळवाने गारांचा असा वर्षाव केला की उभा मारुती चौक काही क्षण शुभ्र झाला, कौलांवर ताशा कडाडला आणि पोरे भिजत गारा वेचू लागली. काश्मिरात हिम उतरते ते भूमीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या आसपास असते म्हणून. आमच्याकडे मात्र तापल्या मातीवरून उसळणारा वायुप्रवाहच जलबिंदूंना मेघांच्या गोठलेल्या उंचीवर नेतो आणि थरावर थर चढवून खाली लोटतो. ही शीतलता उष्म्याचीच संतती आहे, या विचाराने मी आजही विस्मित होतो. परंतु २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच गारांनी मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रातील गहू, द्राक्षे आणि डाळिंबे मातीमोल केली, हे विसरून हा आनंद निर्भेळ मानणे मला शक्य नाही. सरकारला माझी कळकळीची विनंती आहे, की गारपिटीचे पंचनामे तलाठ्याच्या दप्तरात अडकू न देता नुकसानभरपाई पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडावी.