स्टूल

निवृत्त झाल्यावर माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाहीतर स्क्रूड्रायव्हरकडे. मी दुसरा मार्ग धरला. निमित्त वडिलांच्या ट्रान्झिस्टरचं. त्यांनी तो सिरोंच्याला असताना घेतला, तेव्हा गडचिरोली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला ते वेगळं निघालं. ट्रान्झिस्टर मात्र वाटणीत आमच्याकडे राहिला. यंदा तो मुका झाला आणि त्याच्याबरोबर आईही गप्प बसू लागली.

मागच्या खोलीत मी दुरुस्तीशाळा आखली. आखणी काही वाईट नव्हती. टेबलाला कडेनं पट्टी, म्हणजे स्क्रू घरंगळून कपाटाखाली जाणार नाहीत. डावीकडून उजेड. सिरीजमध्ये एक साधा बल्ब. वस्तू आतून शॉर्ट असली की तो बल्बच भक्कन पेटतो, घराचा फ्यूज वाचतो. विसरलो तो फक्त मे महिना! पंखा लावला की सोल्डर नीट वितळत नाही, आणि बंद केला की मी वितळतो.

"साऱ्या महाराष्ट्राला वीज देणारं आपलं गाव, आणि घरात पंखा बंद!" इति सौ.

चार दिवसांत ट्रान्झिस्टर संपूर्ण सुटा झाला. जुळायचं मात्र नाव घेईना. शेवटी ताटात भरून जटपुरा गेटजवळच्या एका मेकॅनिककडे नेला. दुकान चार बाय सहा. स्क्रू चहाच्या बशीत. पण एवढ्या दाटीतही गिऱ्हाइकासाठी एक स्टूल!

"बसा जी. बॅटरी धरा."

मी धरली.

"हे पाहा, टाका सुटला होता."

म्हणजे वडील वरून थापट मारून तो चालू करीत, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं तर!

२००९ साली मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी ॲमस्टरडॅमला 'रिपेअर कॅफे' भरवला. बिघडलेली वस्तू आणा, जाणकाराशेजारी बसा, कॉफी घ्या, मिळून दुरुस्त करा. जगभर कौतुक झालं. आमच्या मेकॅनिकनं तेच केलं. फक्त चहा मी पाजला.

घरी येऊन नकाशा पुन्हा काढला आणि कपाट हलवून स्टुलाला जागा केली. पहिली येऊन बसली ती आई. मी मिक्सर उघडला होता. तिनं बॅटरी धरली. हात कापत असल्यानं उजेड मिक्सर सोडून सगळ्या खोलीभर फिरत होता.

"तुझे बाबा उघडायचे ना काही, तेव्हाही मीच धरायची," ती म्हणाली.

शेजारी ट्रान्झिस्टर बोलत होता. आई त्याच्याहून जास्त.