ड्राय की ग्रेव्ही?

टोरोंटोच्या पूर्वेला, स्कार्बरोत, किराणा दुकानाला खेटून ‘हक्का’ अशी पाटी हमखास दिसते. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि लसूण-मिरचीचा ठसका थेट घशाशी. बाप भट्टीशी, आजी कोपऱ्यात फरसबी निवडतेय. गल्ल्यावरची नात गणिताची वही सारते आणि आईबापांकडून उचललेल्या कलकत्त्याच्या हिंदीत विचारते, “चिली चिकन ड्राय होगा कि ग्रेव्ही?”

अशी कितीतरी घरं टांग्र्याची. कलकत्त्यातली ही चामडं कमावणाऱ्या हक्का चिन्यांची वस्ती. १९६२चं युद्ध झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेली माणसं एका रात्रीत शत्रू ठरली. आसाम-दार्जिलिंगकडच्या सुमारे ३,००० जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं; काही तर वर्षानुवर्षं तिथेच होते. पुढे १९९६मध्ये प्रदूषणापायी टॅनऱ्या हलवायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. कुणी टांग्र्यातच हॉटेलं थाटली. बरेचसे त्याआधीपासूनच कॅनडाची वाट धरत होते.

आणि इथे येऊन रांधलं काय, तर ज्या देशानं संशयानं पाहिलं त्याच देशाच्या जिभेला रुचेल ते! सोया सॉसमध्ये हिरवी मिरची, शेजारी चिकन पकोडा. मांचुरियन तर आपल्या मुंबईचं. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँगनी १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. ‘हे कसलं चायनीज’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मुरडोत बापडे. मला तर हे आपल्याकडच्या वरणभाताइतकं प्रामाणिक वाटतं, कारण ते कुणाला तरी खरोखर जेवू घालण्यासाठी घडलं.

गंमत अशी, की अस्सल हक्का जेवण या हॉटेलांत सहसा मिळतच नाही. गिऱ्हाइकांत मुसलमान पुष्कळ, म्हणून मांस हलाल. मोहरीचा सुकवलेला पाला घालून मंद शिजवलेलं डुकराचं मांस ही हक्कांची पिढीजात रांधणी. ती घरी, हॉटेल बंद असेल त्या दिवशी. तेव्हा मात्र ड्राय की ग्रेव्ही हे कुणी विचारत नसणार.

बाकी दिवस जाफन्याचे तमीळ, लाहोरी, ढाक्याचे बंगाली, सगळे एकाच रांगेत. आम्ही मराठी मंडळी गोबी मांचुरियन मागवतो आणि वर शेजवान चटणी मागून घेतो. फुकट.