सोडण्याची स्पॅनिश क्रियापदे

स्पॅनिशमध्ये सोडणे, थांबवणे, हार मानणे या अर्थांची क्रियापदे बरीच आहेत. त्यांत सर्वांत कामाचे ‘देहार’. मराठी माणसाला ते लवकर जवळचे वाटते, कारण घर, नोकरी, गाव, माणूस, काहीही सोडायचे असले तरी ते चालते. माणसाआधी ‘आ’ लागतो, एरवी त्यापुढे सरळ नाम ठेवायचे: ‘देहो सु कासा’, त्याने आपले घर सोडले. सवय सोडायची असली की मात्र मध्ये ‘दे’ हवा आणि त्यानंतर दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप: ‘देहार दे बेबेर’, दारू सोडणे. हा ‘दे’ राहिला तर अर्थ पार उलटतो. ‘देहार बेबेर’ म्हणजे पिऊ देणे. शिकणाऱ्याने सगळ्यांत आधी जीव ओतावा तो या एका अक्षरात.

शब्द पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या माणसाला जोडले की टिकतात, आणि वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीकडे अशी माणसे आहेत. याच तालुक्यातल्या शेणगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगे महाराज, जन्मले. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण द्यायची तेव्हा रीत होती. डेबूजींनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. नातेवाइकांची नाराजी पत्करून घेतलेला तो निर्णय ‘देहार दे’चा खरा धडा आहे: करत आलेली गोष्ट आजपासून करायची नाही. पुढे दारू, पशुबळी आणि कर्ज सोडा हेच त्यांनी कीर्तनातून गावोगाव सांगितले. 1905 साली त्यांनी घर सोडले, तिथे ‘देहार’च शोभते. ‘आबान्दोनार’ हे क्रियापदही घर सोडण्याला चालते, पण त्यात वाऱ्यावर टाकून जाण्याची छटा आहे. ओसाड पडलेले घर, उपटून न टाकता तसाच वठू दिलेला पानमळा, अर्ध्यात सोडलेली शर्यत यांना ते लागते. समाजासाठी बाहेर पडलेल्या माणसाला ते लावणे अन्यायाचे होईल.

हक्क, सत्ता आणि मुलूख सोडण्याची क्रियापदे वेगळी, आणि त्यांच्यासाठी अंजनगाव सुर्जीचेच उदाहरण जगाच्या इतिहासात नोंदलेले आहे. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. इंग्रजांच्या बाजूने होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला दिला. ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे ‘सेदेर’. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा देतानाही हेच क्रियापद वापरतात, आणि समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्या असे सांगणाऱ्या पाटीवरही ते असते: ‘सेदा एल पासो’. तहाने शिंद्यांना पेशवे, निजाम आणि गायकवाड यांच्यावरचे दावेही सोडावे लागले. इथे हाती द्यायला वस्तू नाही, फक्त हक्कावर पाणी सोडायचे आहे, म्हणून ‘रेनुन्सिआर’. स्पेनमधल्या बऱ्याच भागात याचाच उच्चार ‘रेनुन्थिआर’ होतो. यापुढे ‘आ’ लागतो: ‘रेनुन्सिआर आ’. लॅटिन अमेरिकेत नोकरीचा राजीनामा देण्यालाही हेच म्हणतात; स्पेनमध्ये मंत्री किंवा अधिकारी पद सोडतो तेव्हा ‘दिमितिर’ जास्त ऐकू येते.

तहाआधीचा महिना आणखी एक क्रियापद शिकवतो. 29 नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा हरल्या, 15 डिसेंबरला इंग्रजांनी भोसल्यांचा गाविलगड किल्ला हल्ला करून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. ‘नो से रिन्दियो’, तो शरण गेला नाही. मूळ रूप ‘रेन्दिर्से’. चालवताना त्यातला ‘ए’ काही रूपांत ‘इ’ होतो, म्हणून ‘मे रिन्दो’, मी हरलो. कोडे सुटत नाही तेव्हा मुलेही हेच म्हणतात. गाविलगड पडला, पण किल्लेदाराने हत्यार टाकले नाही, हा फरक वऱ्हाडातल्या शाळांत सांगायला हवा, आणि स्पॅनिशमध्ये तो एका क्रियापदात सांगता येतो.

‘देसिस्तिर दे’ म्हणजे बेत किंवा प्रयत्न सोडणे, ‘प्रेस्सिन्दिर दे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवाचून चालवून घेणे. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्याला हे दुसरे उपयोगी पडेल. दोन्ही लिहिण्यात जास्त, बोलण्यात कमी.

बोलण्यात वाक्प्रचार चालतात. ‘तिरार ला तोआया’, टॉवेल फेकणे, हा बॉक्सिंगमधून आला: खेळाडूला बसणारा मार पाहवेना झाला की त्याचा प्रशिक्षक रिंगणात टॉवेल फेकून लढत थांबवतो. ‘कोर्तार्से ला कोलेता’, शेंडी कापणे, हा बैलझुंजीतला आहे. झुंजणाऱ्याची खूण म्हणजे मागची छोटी शेंडी. आता ती खोटी लावतात, आणि निवृत्तीच्या दिवशी भर मैदानात ती काढली जाते. स्पेनमध्ये हा वाक्प्रचार आयुष्यभर केलेला धंदा सोडणाऱ्या कुणालाही लागतो. चार महिन्यांत नोकरी सोडणाऱ्याला तो लावू नये. त्याला ‘देहार’ पुरे.