घर एक, चुली दोन, तक्ता एक

गावाकडे घर बांधायला काढले की आधी चर्चा होते ती खोल्या किती आणि स्लॅब कधी पडणार याची. लादी कोणती, भिंतीला काय, न्हाणीघरात टाइल्स कुठपर्यंत, हे सगळे ‘मग बघू’वर जाते. आणि घराघरांतले तंटे सुरू होतात ते नेमके या ‘मग बघू’पाशी.

आम्ही दोघी जावा. दोघींचे नवरे कुवेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुन्या घराच्या जागी चिऱ्याचे नवे घर बांधायचे ठरले. कमाई दोघा भावांची, देखरेख आमची. घर एक, पण चुली दोन. अशा घरात भिंती उभ्या राहण्याआधी मने दुभंगलेली आम्ही शेजारी पाहिली आहेत. कुणाच्या ओट्याला ग्रॅनाइट लागले आणि कुणाच्या वाट्याला कडप्पा आला, एवढ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

आमच्या इंजिनिअरांनी नकाशांच्या शेवटी एक तक्ता जोडून दिला. त्याला ते फिनिशिंग शेड्यूल म्हणतात. डाव्या हाताला ओळीने खोल्या: पडवी, दोन्ही स्वयंपाकघरे, निजायच्या खोल्या, न्हाणीघरे, अम्मांची खोली, वुजूची जागा. वरच्या बाजूला रकाने: जमीन, स्कर्टिंग म्हणजे जमिनीलगतची चार इंची पट्टी, डॅडो म्हणजे भिंतीवर टाइल्स किती उंचीपर्यंत, मग वरची भिंत आणि छत. चौकटीत मोठे वर्णन नाही, फक्त खूण. ज-१ म्हणजे ६०० बाय ६०० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड लादी. ज-२ म्हणजे ३०० बाय ३०० ची खरखरीत, न घसरणारी लादी. भिं-१ म्हणजे १२ मिलिमीटर गिलावा, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. नकाशात प्रत्येक खोलीत हीच खूण. एखादी लादी बदलायची झाली तर तक्त्यात एक ओळ बदलायची, सगळे नकाशे खोडत बसायचे नाही. हाच साचा ते प्रत्येक घराला वापरतात, त्यामुळे गवंडी आणि लादीवाल्यालाही तो वाचायची सवय झालेली.

त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडला. चौकट रिकामी सोडायची नाही. काही करायचे नसेल तर ‘काही नाही’ असे लिहायचे. रिकाम्या जागेत जो तो आपल्या सोयीचा अर्थ भरतो.

तक्त्याचा उपयोग न्हाणीघराचे काम निघाले तेव्हा कळला. ठेकेदार म्हणाला, “भाभी, पाच फूट टाइल्स पुरे, वर रंग मारू. सगळे तसंच करतात.” तक्त्यात २१०० मिलिमीटर, म्हणजे सात फूट, दाराच्या उंचीइतके लिहिले होते. टाइल ३०० बाय ६०० ची, आडवी लावली की बरोबर सात ओळी, कापाकापी नाही. त्याने तक्ता पाहिला आणि कामाला लागला. आवाज चढवावा लागला नाही.

पुढे उरलेल्या भिंतीच्या टाइल्स वुजूच्या जागी खाली टाकाव्या असे निघाले. भिंतीची चकचकीत टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, वजनाला कच्ची असते आणि ओली झाली की घसरते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही शोषत नाही, पण गुळगुळीत असेल तर ओल्या पायाला तीही धोक्याचीच. आमच्या अम्मा वॉकर धरून चालतात आणि पाच वेळा वुजूला उठतात. तक्त्यात तिथे ज-२ होते, तेच लागले. त्यांच्या न्हाणीघराच्या दाराशीही पायरीऐवजी अर्ध्या इंचाचा उतार लिहिला होता, तोही तसाच झाला.

दोन्ही स्वयंपाकघरांपुढे एकच खूण होती. थोरलीचा ओटा आणि धाकटीचा ओटा एकाच दगडाचा. एक खोली मोठी असल्याने तिथे लादी जास्त लागली. ती किती, हे तक्त्यावरून दोघींनी मोजले आणि कुवेतला एकच आकडा कळवला. दोन फोन, दोन कहाण्या असे झाले नाही.

कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचे देणे लिहून ठेवायला सांगते. आपण उसने पैसे लिहितो, मेहर लिहितो. पण वीस वर्षांची कमाई ज्यात ओततो त्या घराचे काम तोंडी सोडतो. लिहायला सांगितले की समोरच्याला अविश्वास वाटेल असा संकोच असतो. आमचा अनुभव उलटा आहे. लिहिलेले होते म्हणून ठेकेदाराशी आजही सलाम-दुआ आहे.

घर बांधायला काढणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे: पहिला हप्ता देण्याआधी हा तक्ता मागा. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. एक प्रत बांधकामावर, एक घरात आणि फोटो परदेशातल्या माणसांकडे असू द्या. लादीच्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा आणि प्रत्येक प्रकारचे एक खोके राखून ठेवा. पुढे तीच छटा मिळेलच असे नाही. आणि तक्ता भरताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. कुठे पाय घसरतो, हे त्यांनाच आधी माहीत असते.