सेनापतिपद न मागणारा सेनापती

१/ डिसेंबर १९४३, कैरो. फ्रान्सवरील चढाईचा सेनापती कोण, असे स्टालिनने तेहरान परिषदेत विचारले होते. रूझवेल्ट यांना आता नाव कळवायचे होते. त्यांनी लष्करप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांना बोलावून त्यांचीच इच्छा विचारली. मार्शल यांनी ती सांगितली नाही. निर्णय राष्ट्राध्यक्षांनी घ्यावा, एवढेच ते म्हणाले.

२/ इच्छा नव्हती असे नाही. ती पंचवीस वर्षे जुनी होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना त्यांनी आघाडीवरील तुकडीचे नेतृत्व वारंवार मागितले होते. ते मिळाले नाही, कारण नियोजनाच्या कामातून त्यांना मोकळे करण्यास वरिष्ठ तयार नव्हते.

३/ सप्टेंबर १९१८ मध्ये म्यूझ-आर्गोन मोहिमेसाठी सुमारे सहा लाख सैनिक मोजक्या रस्त्यांवरून, रात्रीच्या अंधारात आघाडीवर न्यायचे होते. ती हालचाल मार्शल यांनी आखली. नाव झाले, पण बढती रेंगाळली. ब्रिगेडियर जनरल होण्यास १९३६ साल उजाडले.

४/ १ सप्टेंबर १९३९. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, त्याच दिवशी मार्शल लष्करप्रमुख झाले. हाताशी दोन लाखांहूनही कमी सैन्य होते. १९४५ पर्यंत ते ऐंशी लाखांपलीकडे गेले. पर्ल हार्बरनंतर आयझेनहॉवर नावाच्या अधिकाऱ्याला वॉशिंग्टनला बोलावून घेतले, तेही मार्शल यांनीच.

५/ कैरोत १९१८ चीच पुनरावृत्ती झाली. मार्शल वॉशिंग्टनमध्ये नसतील तर आपल्याला सुखाची झोप लागणार नाही, अशा आशयाचे रूझवेल्ट बोलले आणि आयझेनहॉवर यांची निवड झाली. स्टालिनला कळवायचा मजकूर मार्शल यांनीच लिहिला. रूझवेल्ट यांच्या सहीचा तो कागद पुढे त्यांनी आठवण म्हणून आयझेनहॉवर यांना पाठवला.

६/ नॉर्मंडीच्या चढाईला जेमतेम आठवडा उरला असताना मार्शल यांचा सावत्र मुलगा इटलीत मारला गेला. तो रणगाडा दलात अधिकारी होता. जूनमध्ये युरोपात गेलेले मार्शल त्याच्या थडग्यापाशी जाऊन आले आणि पुन्हा कामाला लागले.

७/ १९५१ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी मार्शल यांच्या निष्ठेवरच शिंतोडे उडवले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेले आयझेनहॉवर मॅकार्थींच्या विस्कॉन्सिन राज्यात प्रचाराला गेले. भाषणाच्या मसुद्यात मार्शल यांच्या समर्थनाचा एक परिच्छेद होता. सल्लागारांच्या आग्रहाखातर तो गाळला गेला. मार्शल यांनी जाहीर तक्रार केली नाही.

८/ १९५३ मध्ये, युरोपच्या पुनर्बांधणीच्या योजनेसाठी, या सैनिकाला शांततेचे नोबेल मिळाले. आत्मचरित्रासाठी आलेले प्रस्ताव त्यांनी नाकारले. त्यामुळे कैरोतील त्या दुपारी त्यांच्या मनात काय होते, हे सांगणारे पुस्तक त्यांनी मागे ठेवले नाही. स्टालिनला कळवलेला तो मजकूर मात्र त्यांच्या हस्ताक्षरात उरला आहे, आणि त्यात नाव दुसऱ्याचे आहे.